घरी माणूस ठेवायचाय, पण कोण?

डिस्चार्जचा कागद दुपारी दोनला हातात पडतो, बिल होईपर्यंत चार वाजतात. मधल्या वेळात कधीतरी राउंडवरच्या सिस्टर जाता जाता सांगतात, “आजोबांना आता एकटं सोडायचं नाही हं. घरी एक माणूस ठेवा.” मग सुरू होते फोनाफोनी. वॉर्डातल्या मामांकडे माणसं पुरवणाऱ्या एका ब्युरोचा नंबर असतो, खालच्या मेडिकलवाल्याकडे दुसऱ्याचा, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासाभरात आणखी चार येऊन पडतात. फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: “बारा तास की चोवीस तास?” आपण आधीच भांबावलेले. “चोवीस” म्हणून मोकळे होतो.

गणित तिथेच चुकतं. किती तास, हा प्रश्न खरं तर शेवटी यायला हवा. आधी ठरवायचं ते काम: कोणतं काम आहे, दिवसाच्या कोणत्या वेळी आहे, आणि त्याला नुसते हात लागतात की शिक्षण लागतं. ही उत्तरं हाताशी नसली की दोनपैकी एक होतं. जिथे निगा राखणाऱ्या मावशी पुरल्या असत्या तिथे आपण नर्सचे पैसे मोजतो, नाहीतर नर्सनेच करायचं काम मावशींच्या गळ्यात मारतो. पहिल्या चुकीत पैसे जातात. दुसरीत पेशंट पुन्हा त्याच हॉस्पिटलात जातो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातला साधारण दर दहावा माणूस साठीपुढचा होता, आणि त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेलं आहे. मुलगा-सून दोघं नोकरीला, लेक बंगळुरूला, नातवंडं अमेरिकेत हे आता फक्त पुण्या-मुंबईचं चित्र राहिलेलं नाही. सांगलीत, जळगावात, फोंड्यातही तेच आहे. त्यामुळे वेळ बहुतेकांवर येते. फक्त ती सवड काढून येत नाही.

आधी तीन दिवस वही लिहा

वृद्धांच्या काळजीत एक संज्ञा सारखी कानावर पडते: ‘दैनंदिन क्रिया’. अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा साध्या गोष्टींची यादी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. यातल्या किती गोष्टी माणूस स्वतः करतो यावरून त्याला किती मदत लागेल याचा अंदाज येतो. साठ वर्षं झाली, पण डॉक्टर आजही याच यादीवरून विचारतात.

१९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी दिली. त्यात फोन करणं, बाजारहाट, स्वयंपाक, घरातली आवराआवर, कपडे धुणं, बाहेर जाणं-येणं, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचे व्यवहार आहेत. माणूस खचायला लागतो तो सहसा या दुसऱ्या यादीपासून. विजेचं बिल दोनदा भरलं जातं, रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की नाही ते आठवत नाही, गॅसवर दूध उतू जातं. पहिल्या यादीतल्या गोष्टी पुष्कळ नंतर हातून सुटतात, आणि सुटतानाही आंघोळ आधी जाते, जेवण शेवटी.

याचा व्यवहारातला अर्थ असा. फक्त दुसऱ्या यादीतल्या गोष्टी अडत असतील तर पेशंटची बाई लागतच नाही. स्वयंपाकाला कोणीतरी, आठवड्याच्या सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आणि दिवसातून दोनदा डोकावणारं माणूस एवढ्यावर अनेक घरं वर्षानुवर्षं निभावतात. पहिल्या यादीतलं काही अडायला लागलं की मात्र अंगाला हात लावणारं माणूस हवं.

आता वही. फोन करायच्या आधी घरातल्याच कोणीतरी तीन दिवस नोंदी ठेवायच्या. एका घरातल्या वहीचं पान साधारण असं दिसतं:

पहाटे ४.१० – हाक मारली. बाथरूमला धरून नेलं.
६.४५ – चहा, स्वतः घेतला.
८.०० – आंघोळ. पाठ-पाय दुसऱ्याने. स्टुलावरून उठवायला दोघं लागले.
९ ते १ – पेपर, टीव्ही, झोप. काहीच लागलं नाही.
१.१५ – जेवण स्वतः. पाणी पिताना ठसका.
५.३० – गॅलरीपर्यंत वॉकरने.
रात्री ११.३०, २.००, ४.०० – बाथरूम. दोनच्या वेळी हाक न मारता एकटेच उठले.

हे पान नीट वाचलं तर लक्षात येतं की या आजोबांना दिवसा बारा तास माणूस नकोच आहे. सकाळचे दोन-तीन तास आणि रात्र, हे त्यांचे अडचणीचे तास. बहुतेक घरं मात्र दिवसपाळी लावतात, कारण घरची मंडळी दिवसा बाहेर असतात. दिवसपाळीची बाई नऊ ते एक मोबाइल बघत बसते, त्यावरून घरात कुरबुर होते, आणि आजोबा पडतात ते रात्री दोन वाजता. शिवाय त्या पानात एक वैद्यकीय गोष्टही लपली आहे: पाणी पिताना लागणारा ठसका. तो डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवा, कारण घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाण्याचं ते लक्षण असू शकतं, आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

निगा वेगळी, उपचार वेगळा

बाजारात मिळणाऱ्या माणसांची नावं भरपूर आहेत: आया, मावशी, मदतनीस, अटेंडंट, केअरटेकर, वॉर्डबॉय, ब्रदर, सिस्टर. मुळात मात्र दोनच प्रकार. निगा राखणारे आणि उपचार करणारे.

निगा म्हणजे अंग पुसणं, डायपर बदलणं, कूस वळवणं, भरवणं, फिरवणं, गोळी हातात देणं, गप्पा मारणं. ही कामं शिकून येतात, त्यासाठी पदवी लागत नाही. काहींनी ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हा काही महिन्यांचा कौशल्य अभ्यासक्रम केलेला असतो. बऱ्याच जणी मात्र हॉस्पिटलात किंवा घराघरांत काम करून तयार झालेल्या असतात. प्रमाणपत्र नाही म्हणून अशा बाईंना कमी लेखू नये. दहा पेशंट सांभाळलेल्या मावशी नव्याकोऱ्या प्रमाणपत्रापेक्षा पुष्कळदा भारी ठरतात.

उपचार म्हणजे शिरेतून इंजेक्शन, सलाइन, लघवीची नळी बदलणं, नाकातून पोटात जाणारी नळी घालणं, खोल जखमेचं ड्रेसिंग, गळ्याला भोक पाडून बसवलेल्या नळीतला कफ ओढणं. हे काम नर्सचं, तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि महाराष्ट्रात काम करणाऱ्या नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. पांढरा कोट घातला की सगळ्यांनाच सिस्टर म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि काही ब्युरो या भाबडेपणावरच चालतात.

मधल्या काही गोष्टी घरचे किंवा मावशी शिकून घेऊ शकतात: पेनने इन्सुलिन देणं, साखर तपासणं, आधीच घातलेल्या नळीतून पातळ अन्न देणं. पण ते हॉस्पिटलच्या सिस्टरनी समोर उभं राहून शिकवलेलं हवं. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवायची आणि त्यानंतरही अर्धा-एक तास आडवं करायचं नाही, एवढं तरी त्या माणसाला ठाऊक असलंच पाहिजे.

पैसे वाचवणारी एक सोय लोकांच्या लक्षातच येत नाही. लघवीची नळी दर काही आठवड्यांनी बदलायची असेल किंवा एक दिवसाआड ड्रेसिंग असेल, तर त्यासाठी बारा तासांची नर्स ठेवायचं कारण नाही. एका व्हिजिटला येऊन काम करून जाणाऱ्या नर्स मिळतात, तसेच घरी येणारे फिजिओथेरपिस्टही. रोजची निगा मावशींकडे आणि ठरावीक दिवशी व्हिजिटची नर्स ही जोडी बहुतेक घरांना पुरते. अर्धांगवायूनंतर फिजिओ मात्र टाळू नका. सुरुवातीचे महिने त्यासाठी सर्वांत मोलाचे असतात.

याउलट गळ्यात नळी आहे, वारंवार कफ ओढावा लागतो, ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर चालू आहे, तर तिथे काटकसर नको. दिवसरात्र नर्सच हवी.

ब्युरो नेमकं काय देतं?

नर्सिंग ब्युरो हे बरंचसं वधूवर सूचक मंडळासारखं असतं. ते स्थळ दाखवतं, फी घेतं, पण संसाराची हमी देत नाही. आपल्याला वाटत असतं की आपण एखाद्या संस्थेकडून ‘सेवा’ घेतली. ब्युरोच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं की चोरी, इजा, निष्काळजीपणा यांची जबाबदारी ब्युरोची नाही.

अलीकडे कंपन्याही या धंद्यात आल्या आहेत. त्या माणसं प्रशिक्षण देऊन पाठवतात, वर देखरेखीला एखादी नर्स ठेवतात, अ‍ॅपवर रोजचा अहवाल देतात. दर अर्थातच जास्त. तिसरा मार्ग ओळखीतून थेट ठेवलेल्या बाईंचा. यात सगळे पैसे त्यांच्याच हातात जातात, त्यामुळे त्या टिकतात. पण त्या आजारी पडल्या तर बदली माणूस तुम्हालाच शोधायचं.

ब्युरोशी बोलताना चार गोष्टी लिहून घ्या. दिवसाच्या दरातले बाईंच्या हातात किती पडतात? महिन्याच्या सुट्ट्या किती, आणि त्या दिवशी बदली कोण? माणूस पटलं नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल, आणि डिपॉझिट परत मिळेल का? पहिला प्रश्न ब्युरोवाल्याला आवडत नाही. तरी विचाराच. बाईंच्या हातात फारच कमी पडत असेल तर त्या दुसरं बरं घर मिळेपर्यंतच तुमच्याकडे आहेत, हे धरून चाला.

“यावर सरकारचं काही नियंत्रण नाही का?” जवळजवळ नाहीच. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. त्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. दैनंदिन क्रिया करायला अडचण येणाऱ्या ज्येष्ठांना घरपोच काळजी देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा ठरवण्याची तरतूद त्यात होती. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीने अहवाल दिला, पण कायदा काही झाला नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभाच विसर्जित झाली. म्हणजे आज कोणीही एक मोबाइल नंबर आणि रंगीत पत्रक घेऊन ब्युरो उघडू शकतो. पारख आपल्यालाच करायची.

पारख कशी करायची?

मुलाखतीत “अनुभव किती?” विचारून काही कळत नाही. सगळेच दहा वर्षं सांगतात. त्यापेक्षा एक काम करून दाखवायला सांगा: पलंगावरून व्हीलचेअरमध्ये बसवणं. पेशंट म्हणून घरातलंच कोणीतरी धडधाकट पलंगावर बसा.

जाणतं माणूस आधी खुर्ची पलंगाला लागून, किंचित तिरपी आणि पेशंटच्या चांगल्या बाजूला आणतं. मग तिचे ब्रेक लावतं, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करतं. पेशंटला पलंगाच्या कडेला बसवून क्षणभर थांबतं, कारण आडव्याचं एकदम उभं केलं तर चक्कर येते. पाय जमिनीला नीट टेकलेत का बघतं, सांगतं की “आजोबा, तीन म्हणाले की उठायचं,” आणि कमरेला धरून, स्वतःचे गुडघे वाकवून उठवतं. न शिकलेलं माणूस काखेत हात घालून वर ओढतं. अर्धांगवायूच्या पेशंटचा लुळा हात असा ओढला गेला तर खांदा कायमचा दुखावू शकतो. दोन मिनिटांच्या या परीक्षेत जे कळतं ते बायोडेटावरून कळणार नाही.

पेशंट अंथरुणाला खिळलेला असेल तर दुसरा प्रश्न विचारा: “पाठीवर लाल डाग दिसला तर काय कराल?” पुष्कळ जणी सांगतील, स्पिरिट-पावडर लावून चोळते. ही जुन्या हॉस्पिटलांतली पद्धत आता चुकीची मानली जाते. हाडावरची ती जागा आधीच दबलेली असते, चोळून आतली कातडी आणखी दुखावते. डाग बोटाने दाबून बघायचा. दाबल्यावर लाली जाऊन बोट उचलताच परत आली तर ठीक. दाबूनही लाली हललीच नाही तर ती बेडसोअरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून ती जागा गरम किंवा कडक लागते का ते हाताने पाहायचं. माकडहाड, टाचा आणि खुब्याची हाडं रोज बघायची, साधारण दोन तासांनी कूस बदलायची. हवेची गादी घेतली म्हणजे कूस बदलायला नको, हा समजही चुकीचाच.

हे सगळं मावशींना माहीत नसेल तर त्यांना नकार द्या, असं म्हणणं नाही. स्वभाव चांगला असेल आणि शिकायची तयारी असेल तर एखादी व्हिजिटची नर्स बोलावून दोन तास त्यांना शिकवा. तेवढा खर्च पहिल्याच महिन्यात वसूल होतो.

चोवीस तासांची बाई झोपणार कधी?

आपल्याकडे चोवीस तासांच्या बाईंचा दर बारा तासांच्या दोन पाळ्यांपेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून तो सौदा फायद्याचा वाटतो. पण चोवीस तास जागं कोणीच राहत नाही. चोवीस तास म्हणजे घरात राहणारं माणूस: दिवसा काम, दुपारी थोडी विश्रांती, रात्री पेशंटजवळ झोप आणि लागलं तर उठणं. रात्री एखादवेळ उठावं लागत असेल तोवर हे जमतं. वहीत रात्री चार-चार वेळा नोंद असेल तर नाही. आठव्या दिवशी बाई दिवसा पेंगतील, पंधराव्या दिवशी “गावाला जाऊन येते” म्हणून जातील आणि परत येणार नाहीत. अशा घरांनी रात्रपाळी वेगळी लावावी आणि दिवस घरच्यांनी वाटून घ्यावा.

डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाणारा आजार, असेल तर हे आणखी महत्त्वाचं. देशात सुमारे ८८ लाख ज्येष्ठांना तो असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. यात अनेकांचा गोंधळ संध्याकाळनंतर वाढतो. “मला घरी जायचंय” म्हणून स्वतःच्याच घराच्या दाराशी उभे राहतात. दिवसभर शांत असलेला पेशंट पाहून ब्युरोला “काही त्रास नाही हो” सांगायचं आणि रात्रीचं लपवायचं, हे पुष्कळ घरं करतात. मग दर आठवड्याला नवं माणूस, आणि नव्या चेहऱ्याने पेशंटचा गोंधळ आणखी वाढतो. खरं सांगून थोडे जास्त पैसे देणं स्वस्त पडतं.

राहणाऱ्या बाईंना झोपायला जागा, आंघोळीची सोय, जेवण आणि आठवड्याची किंवा महिन्याची ठरलेली सुट्टी हवी. त्यांना वेगळा कप आणि कालची भाजी देणारी घरं अजून आहेत. तिथे माणसं टिकत नाहीत आणि मग घरमालक म्हणतात, “हल्ली चांगली माणसंच मिळत नाहीत.”

“परक्या माणसावर घर सोडायचं कसं?”

ही भीती रास्त आहे. आधारची प्रत, अलीकडचा फोटो, गावाकडचा पत्ता आणि आधीच्या दोन घरांचे फोन नंबर घ्या, आणि त्या नंबरांवर खरोखर फोन करा. पोलिस पडताळणीसाठी जवळच्या ठाण्यात माहिती द्या. दागिने लॉकरमध्ये ठेवा. मोह कोणालाही होतो, आणि चांदीचा चमचा हरवला तर विनाकारण बाईंवर संशय जातो. तो टळतो.

एटीएम कार्ड आणि पिन मात्र कितीही विश्वासाचं माणूस असलं तरी देऊ नका. सत्तरीपुढच्या ग्राहकांना पैसे काढणं-भरणं यांसारख्या मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेत जाऊन विचारा. पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो.

कॅमेऱ्याबद्दल लोक फार विचारतात. बैठकीत, दाराशी लावा, आणि बाईंना सांगून लावा. बाथरूममध्ये किंवा कपडे बदलायच्या जागी अजिबात नाही. एक तर तो गुन्हा ठरू शकतो, आणि दुसरं म्हणजे तिथे लाज तुमच्या आईचीही जाते. मुलगा परदेशातून दिवसभर स्क्रीनवर बसून “मावशी, उशी नीट करा” सांगत राहिला तर कोणीही पळून जाईल.

सुरक्षेचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही आहे, तो सहसा बोलला जात नाही. पुरुष पेशंटकडून किंवा घरातल्या पुरुषांकडून मदतनीस बाईंना त्रास होतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्यांनाही लागू आहे, आणि त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रारीची सोय आहे. वजनदार पुरुष पेशंटला उचलायला तसेही मामा किंवा ब्रदरच बरे.

आईला कोणीच नकोय

“मी काय आजारी आहे? माझ्या स्वयंपाकघरात परकी बाई नको.” याला उत्तर युक्तिवादाने मिळत नाही. नकार बहुधा माणसाला नसतो, आंघोळ घालून घेण्याला असतो. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कोणासमोर पदर ढळू दिला नाही तिने अनोळखी हाताने अंग चोळून घ्यायचं, हे तुम्हालाही जड गेलं असतं. म्हणून सुरुवात वरकामापासून करा. भाजी निवडणं, संध्याकाळी देवळापर्यंत सोबत, केसांना तेल. ओळख झाली की आंघोळीला पाठ चोळण्यापासून पुढे जाता येतं. निवडताना दोन बायकांशी आईची गाठ घालून द्या आणि कोण हवी ते तिला ठरवू द्या. पोथी वाचून दाखवेल, मालिकेतली भांडणं चवीने सांगेल, कोकणातली असेल तर आमटीत आमसूल घालेल, असल्या बाबींवरून त्या वयात जोड्या जमतात. फाइलमध्ये हे निकष नसतात.

विमा आहे ना आपला?

इथे बहुतेकांचा भ्रमनिरास होतो. आरोग्यविम्यात सगळ्या कंपन्यांना समान असलेली वगळलेल्या गोष्टींची एक यादी असते. त्यात आंघोळ, कपडे, हालचाल अशा दैनंदिन क्रियांसाठी घरी किंवा संस्थेत घेतलेली मदत स्पष्ट नावानिशी वगळलेली आहे. ती मदत नर्सने केली तरीही. पॉलिसीत ‘घरी उपचार’ असं लिहिलेलं दिसलं तर ते उपचारांपुरतं आहे, म्हणजे एरवी हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं असतं असा आजार, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मावशींचा पगार त्यात बसत नाही.

आयुष्मान भारत योजना ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, खुली झाली. वर्षाला पाच लाखांपर्यंतचं हे संरक्षण खरोखर मोठं आहे, कार्ड काढून ठेवाच. पण तेही हॉस्पिटलात भरती होण्यासाठी आहे.

म्हणजे निगेचा खर्च खिशातूनच, आणि तो किती काळ चालेल हे कोणी सांगू शकत नाही. दिवसाला हजार रुपये धरले तर वर्षाला तीन लाख पासष्ट हजार होतात. डायपर, औषधं, व्हिजिट वेगळे. भावंडांनी हा हिशेब पहिल्याच आठवड्यात बसून करावा. जो जवळ राहतो तो वेळ देतो, जो लांब आहे त्याने पैसे जास्त द्यावेत, हा साधा न्याय बोलून ठरवला नाही तर पुढे त्यावरूनच बोलणं बंद होतं.

मग घरच्यांनीच केलं तर?

करतातच. ‘घरचे’ म्हणजे प्रत्यक्षात बहुधा सून, लेक किंवा स्वतःच सत्तरीची असलेली बायको. तिने नोकरी सोडली तर तो पगार काळजीच्या खर्चात कोणी धरत नाही, म्हणून घरची काळजी फुकट वाटते. ती करायचीच असेल तर डिस्चार्जच्या आधी वॉर्डात दोन दिवस उभं राहून सगळं शिकून घ्या, आणि महिन्यातले चार दिवस तरी बदली माणूस आणा, म्हणजे तिला घराबाहेर पडता येईल.

शिवाय माणसाच्या आधी वस्तू बघा. कमोडजवळ आणि शॉवरजवळ भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे, खडबडीत मॅट, रात्रीचा मंद दिवा, पलंगाशेजारी कमोड-खुर्ची, हाताशी एक घंटी. वहीतल्या त्या आजोबांच्या पलंगाशी कमोड-खुर्ची आली तर रात्रीच्या फेऱ्यांचा निम्मा धोका कमी होतो. हे विकतच घ्यायला हवं असं नाही. आपल्याकडे गावोगावी सार्वजनिक ट्रस्ट, गणेश मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ ‘रुग्णोपयोगी साहित्य’ डिपॉझिटवर देतात: डोक्या-पायाकडची बाजू वर करता येणारा फाउलर पलंग, व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी. काम झालं की परत करायचं. चांगल्या मावशींचा पत्ताही ब्युरोपेक्षा ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर लवकर लागतो.

आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल, विशेषतः कॅन्सर, तर पॅलिएटिव्ह केअर विचारा. म्हणजे आजार हटवण्याऐवजी वेदना, धाप, उलट्या यांचा त्रास कमी करणारी सेवा. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून हे काम विनामूल्य करतं, मुंबईत टाटा हॉस्पिटलचा विभाग आहे, आणि दोन्हीकडची पथकं घरीही जातात.

व्यवस्था बदलायची वेळ कधी आली?

अंगावर कारण न कळणारे काळे-निळे डाग, महिन्यात उतरलेलं वजन, नवा बेडसोअर, वाळलेले ओठ, दिवसभर गुंगी, किंवा एका ठरावीक माणसाच्या येण्याने आईचं गप्प होणं. यातलं काही दिसलं तर “सांभाळून घेऊ” म्हणू नका. गुंगी असेल तर झोपेच्या गोळ्या मोजा. ज्येष्ठांसाठीची केंद्राची हेल्पलाइन १४५६७ आहे. छळ, फसवणूक, उपेक्षा याबद्दल तिथे सल्ला मिळतो. जिवाला धोका असेल तर ११२.

कधी कधी दोष कोणाचाच नसतो, आजारच पुढे सरकलेला असतो. म्हणून दर तीन महिन्यांनी वही पुन्हा तीन दिवस लिहा. दोघांना मिळूनही पेशंटला उचलणं जमेना, रात्रंदिवस नर्स ठेवायची ऐपत नाही, सांभाळणारी व्यक्तीच आजारी पडली, अशा वेळी निवासी केंद्राचा विचार केला तर त्यात पाप नाही. मात्र केंद्र बघायला जाल तेव्हा ठरवून दिलेल्या वेळी जाऊ नका. दुपारच्या जेवणाच्या वेळी न सांगता जा, आणि लॉबी सोडून थेट तिथे जा जिथे पेशंटना भरवत असतात.